किंमत वसूल

३ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं. हे पत्र तुझ्या गाड्यांच्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवतेय. उत्तर माझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. फोन तर मुळीच नको. दवाखाना बंद केल्यापासून हे दिवसभर घरात असतात, आणि ह्यांचे कान तुला ठाऊक आहेत. दातातली कीड कुरतडताना ह्यांना ऐकू येते, असं पेशंट म्हणायचे.

हो, दवाखाना बंद केला. तुला कळवायचं राहूनच गेलं. ह्यांची कंबर फार धरते. उभी हयात लोकांच्या तोंडात वाकून काढली, आता पुरे, म्हणाले. खुर्ची, दिवा, कपाटं सगळं जागेसकट एका नव्या डॉक्टरीणबाईंनी घेतलं. इथवर ठीक होतं. म्हटलं, आता दोघं मिळून सकाळी फिरायला जाऊ.

पण आलेल्या पैशातून ह्यांनी मोटरसायकल बुक केली. साधीसुधी नाही. तुमच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर मागे आली होती ना, पुढून विंचवासारखी दिसणारी, शर्यतीची? तीच. कंपनीची सगळ्यात वरची. किंमत ऐकून मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात लहानसा फ्लॅट येतो रे, स्वयंपाकघरासकट.

परवा मला शोरूममध्ये घेऊन गेले. गाडी फिरत्या चौथऱ्यावर, वरून दिव्यांचा झोत, नवरीपेक्षा जास्त थाट. विक्रेत्याने विचारलं, "मुलासाठी घेताय का सर?" हे म्हणाले, "हो." अगदी सहज. आम्हाला कुठला मुलगा, छोट्या? मी पाण्याचा ग्लास हातात धरून नुसती बसून राहिले.

मग चौथरा थांबवायला लावला आणि हे गाडीवर बसले. मूठ धरली, डोळे मिटले. बराच वेळ उतरलेच नाहीत. मला तेव्हा जी भीती वाटली ती नीट सांगता येणार नाही.

तुझा शब्द ह्यांना ब्रह्मवाक्य. तेव्हा एवढंच कर. ही गाडी तेवढ्या किमतीची नाही, असं लिही. मासिकात लिही, पत्रात लिही, कुठेही लिही. तू नाही म्हणालास तर ते मागे सरतील. माझं कोण ऐकतंय?

आशीर्वाद.
ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पाकिटावर तुझं अक्षर बघून धस्स झालं. तू पत्र लिहितेस म्हणजे बहुधा कुणीतरी गेलेलं असतं. वाचलं आणि मोठ्याने हसलो. ऑफिसातले सगळे माना वळवून बघायला लागले.

भाऊजी! गल्लीत चिटपाखरू नसताना कोपऱ्यावर हॉर्न वाजवून मगच वळणारे आमचे भाऊजी, आणि ही गाडी!

आता किमतीचं. मला हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. खरं सांगू? निम्मी किंमत इंजिनाची आणि निम्मी माणसाच्या चुका सावरण्याची. तिच्या पोटात एक छोटा मेंदू बसवलेला असतो. मागचं चाक घसरायला लागलं की चालवणाऱ्याच्या आधी त्याला कळतं, आणि तो गुपचूप सावरून घेतो. चालवणारा खाली उतरून मिशीवर ताव देतो, की वा, काय चालवली मी! त्या थापेचेच पैसे कंपनी घेते.

पण गाडी चालवल्याशिवाय मी होय म्हणणार नाही, तसंच नाही पण म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीने आम्हा लिहिणाऱ्यांना ट्रॅकवर बोलावलंय. बघतो. मात्र ताई, खोटं 'नाही' माझ्याच्याने लिहवणार नाही. आणि का लिहू? पैसे भाऊजींच्या कष्टाचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तू मला शिकवलंस, पण त्यांचं अंथरूण ऐसपैस आहे. आता नाही तर हौस कधी करायची? तुला पैशाची काळजी वाटणार, ते समजतं मला.

एक मात्र कळलं नाही. कंबर धरते म्हणतेस. ह्या गाडीवर तर माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा ओणवा बसतो. थोडं अंतर गेलं की माझी कंबर बोलायला लागते. भाऊजींना म्हणावं, आधी कंबर, मग गाडी.

तुझा,
छोट्या


२१ फेब्रुवारी

छोट्या,

तुला ह्यात पैसेच दिसले. बरं आहे.

कंबरेचं सोडून दे. हसू नकोस आणि का विचारतेस असंही विचारू नकोस. फक्त उत्तर दे. ही गाडी चालवताना उजवा हात किती स्थिर लागतो? समजा हात जरासा हलला, तर ती लगेच उसळते का? तो मेंदू म्हणालास, त्याला कळतं का, की ह्या माणसाला पुढे जायचं नव्हतं, नुसता हात हलला?

ह्यांनी हेल्मेट आणलंय. काल दुपारी डोळा लागला होता, उठून बघते तर आरशासमोर हेल्मेट घालून उभे. काच खाली ओढलेली. आतला माणूस दिसतच नव्हता. मी हाक मारली तर वळले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग काचेआडून म्हणाले, "असं बरं वाटतं गं. आत कुणाला काही दिसत नाही."

पुढच्या महिन्यात गाडी येणार. त्याआधी लिही.

ताई


५ मार्च

ताई,

गाडी चालवली. काय सांगू तुला! मूठ पिळली की पोट पाठीला चिकटतं आणि जग मागे पळायला लागतं. वळणात ती अशी झुकते, की वाटतं रस्ताच आपल्यासाठी तिरका झालाय. लेख छापायला गेला. शेवटचं वाक्य असं आहे: "किंमत डोळे पांढरे करणारी आहे, पण वसूल आहे." माफ कर. पण जे आहे ते आहे.

आता तुझा प्रश्न. हात स्थिर लागतो, फार लागतो. दूध उतू जायला लागलं की आपण गॅस बारीक करतो ना, तेव्हा बोटं जेवढी फिरतात तेवढंच काम. त्याहून जास्त पिळलं की समोरचा रस्ता अंगावर धावून येतो. आणि तो मेंदू घसरणं ओळखतो, मन ओळखत नाही. मूठ पिळलीस म्हणजे तुला जायचंय, असंच तो धरून चालतो.

पण भाऊजींच्या हातांची कसली काळजी करतेस? तेवढा हलका हात मी जन्मात पाहिला नाही. माझी अक्कलदाढ काढताना मी विचारलं होतं, "भाऊजी, सुरुवात कधी करताय?" तर म्हणाले, "दाढ ट्रेमध्ये आहे, छोटेराव. तोंड मिटा." त्या हातात गाडी लोण्यासारखी चालेल.

मी ठीक. पाठीत उसण भरलीय, म्हणून काही दिवस टेबलावरचं काम मागून घेतलंय. चालवायच्या गाड्या दुसरे लोक बघतात.

छोट्या


१४ मार्च

छोट्या,

त्या हातांचीच काळजी करतेय रे.

ह्यांनी मला शपथ घातली होती. आज मोडते.

मागच्या वर्षी सकाळच्या चहाला कपबशीचा आवाज यायला लागला. टकटक टकटक, बारीक. मी म्हटलं, कप चिरलाय वाटतं, आणि नवे कप आणले. नवेही वाजायला लागले. मग बघितलं तर उजवा अंगठा. नोटा मोजल्यासारखा आपला आपणच फिरत होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कपाकडे पाहिलं.

दवाखान्यात हत्यार घट्ट धरलं की हात थांबायचा, म्हणून बरेच महिने निभावलं. एक दिवस हात थांबला, पण हवा तेव्हा हललाच नाही. शाळेतल्या एक बाई खुर्चीत होत्या. गालाच्या आतून कापलं. फार नाही, पण रक्त आलं. बाई भल्या. "होतं असं कधीतरी, डॉक्टर," म्हणाल्या. ह्यांनी टाका घातला, हात धुतले, शटर ओढलं. ते पुन्हा उघडलं ते खुर्ची न्यायला माणसं आली तेव्हाच.

दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना दाखवून आलो. पार्किन्सन्स म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या ह्यांनी आजपर्यंत घेतलेल्या नाहीत. का? तर औषधाचं दुकान आपल्याच गल्लीत, दवाखान्याच्या खाली. चिठ्ठी दुकानात गेली की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. "लोक म्हणतील, म्हातारा थरथरत्या हाताने आमच्या तोंडात सुऱ्या घालत होता." दुसरीकडून आणते म्हटलं, तर म्हणाले, "गोळी घेतली म्हणजे कबूल केलं."

शोरूममध्ये मूठ धरली तेव्हा हात थांबला, छोट्या. दगडासारखा. मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "बघ. बघ ना गं." डॉक्टरांनी बजावलं होतं, काही घट्ट धरलं की थरथर थांबते, ते बरं होणं नव्हे. पण ह्यांना वाटतं, त्या गाडीवर आपण पूर्वीचेच आहोत.

तुझा लेख आला. मला मोठ्याने वाचून दाखवला. 'वसूल' हा शब्द दोनदा वाचला.

गाडी ह्या आठवड्यात येते. मला झोप नाही. तूच काय ते कर.

ताई


१८ मार्च

ताई,

त्यांना गाडीवर बसू देऊ नकोस. किल्ली लपव, भांड, आजारी पड, काहीही कर.

आणि आता माझं ऐक. उसण वगैरे काही नाही.

ट्रॅकवर लांबलचक सरळ पट्टा संपतो तिथे ब्रेकची खूण असते. मी खुणेपाशी पोचलो आणि माझं अंग माझं राहिलं नाही. बोटं ब्रेकवर होती, पण दाबली गेली नाहीत. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ असेल. तेवढ्यात मी ट्रॅक सोडून खडीत. पडलो नाही. गाडी चाकं रुतवून उभी राहिली आणि मी तिच्यावर, जत्रेतल्या लाकडी घोड्यावर बसल्यासारखा. सगळ्यांना सांगितलं, खूण दिसली नाही. ते हसले, मीपण हसलो.

तेव्हापासून मोठ्या गाडीवर बसलेलो नाही. ऑफिसला बसने येतो. हॉर्न वाजला तरी दचकतो. लेखात ह्यातलं अक्षर नाही. भ्यालेल्या माणसाचा लेख कोण विकत घेईल? गाडी वसूल आहे हे मनापासून लिहिलं, फक्त मी तिला घाबरतो एवढं गाळलं. आणि भाऊजींनी नेमका तोच लेख वाचला.

मी तिथे यायला हवं, कळतं मला. पण आलो की भाऊजी किल्ली माझ्या हातात ठेवतील आणि म्हणतील, "चला, दाखवा कशी चालवायची." काय तोंड दाखवू? थोडा वेळ दे मला.

छोट्या


१ एप्रिल

छोट्या,

किल्ली लपवली होती. ह्यांनी शोधाशोधही केली नाही. समोर येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, सगळंच एकेक करून जातंय. त्यात तू पण हात घालणार आहेस का?" मी उठले आणि दिली.

रोज सकाळी हमरस्त्याला जातात. पहिल्या दिवशी मी गॅलरीत उभी होते. लांबून गाडीचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा, आणि ती दुसऱ्याच कुणाची निघायची. दुसऱ्या दिवशी ठरवलं, घरात बसून मरण्यापेक्षा मागे बसून मरावं.

मागची सीट म्हणजे काय ते तुला माहीत आहे. वहीएवढा तुकडा. गुडघे कानाशी येतात. चढताना शेजारीण म्हणाली, "वा! ह्या वयात काय हौस!" मी म्हटलं, "हो ना," आणि ह्यांना घट्ट धरलं. मी मागे असते म्हणून हे सावकाश चालवतात. मी जीव मुठीत धरून बसते. खरं तर माझा जीव ह्यांच्या मुठीत असतो.

पण काल एक झालं. घरापाशी थांबलो, मी उतरले, हेल्मेट काढलं, पदर सारखा केला, तरी हे मूठ धरून बसलेलेच. म्हटलं, "चला ना." म्हणाले, "मजा वाटतेय, बसलोय जरा." जवळ जाऊन बघितलं तर बोटं पांढरीफटक. मूठ सुटत नव्हती, छोट्या.

तुझी भीती मला कळते. पण तुझ्या भीतीला टेबल मिळालं. माझ्या भीतीला मागची सीट.

ताई


९ एप्रिल

ताई,

पत्र मिळाल्याबरोबर लिहितोय. मूठ सुटत नसेल तर तो खेळ ताबडतोब थांबव. पुढचा ब्रेक उजव्याच हातात असतो. हात अडकला तर वेगही जात नाही आणि ब्रेकही लागत नाही. ते सावकाश चालवतात ह्याला काही अर्थ नाही. तू उतर, त्यांनाही उतरव. माझं नाव सांग. लेख खोटा होता म्हणून सांग.

शनिवारी निघतो.

छोट्या


१७ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. शिवणवर्गात फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, ताई बरेच दिवस आल्या नाहीत. घरी फोन करतो, वाजतो आणि वाजून वाजून बंद होतो.

शनिवारी पिशवी घेऊन स्टँडवर गेलो होतो. बस लागली, लोक चढले, कंडक्टरने दोनदा विचारलं. मी चढलो नाही. तिथे पोचून काय ऐकावं लागेल ह्याचीच धास्ती. जोवर कळलेलं नाही तोवर तुम्ही दोघं ठीक आहात, असं काहीतरी डोक्यात बसलंय. लाज वाटते लिहिताना.

हे पत्र कुरियरने सरळ घरीच पाठवतोय. एक ओळ टाक. नुसतं 'आहोत' एवढं लिही.

छोट्या


१९ एप्रिल

छोटेराव,

आहोत.

हे पत्र मी सांगतोय आणि तुमच्या ताई लिहिताहेत. मध्येमध्ये स्वतःचं घुसडतील, तिकडे दुर्लक्ष करा. (करू नकोस. – ताई)

गेल्या आठवड्यात एका सकाळी हमरस्त्यावर रहदारी नव्हती. पुढे एक मालट्रक होता. मी थोडा वेग घेतला. (थोडा? – ताई) बराच घेतला. हात स्थिर होता, मन प्रसन्न होतं. तेवढ्यात ट्रकचे मागचे लाल दिवे लागले. मी मूठ सोडायला गेलो आणि हात आला नाही.

ती मागून ओरडत होती. मला ऐकू येत होतं. मी हाताला सांगत होतो, सोड. तो जणू दुसऱ्याचा हात होता, शेजारी राहणाऱ्या, न बोलणाऱ्या माणसाचा. ट्रक मोठा होत गेला. मागच्या फळीवर कुणीतरी फूल रंगवलं होतं. त्याच्या पाकळीवरचा पोपडा निघालेला मला दिसला. एवढं जवळ.

मग डाव्या हाताने क्लच दाबला. मी दाबला की आपोआप दाबला गेला, देव जाणे. इंजिन किंचाळलं. तसा आवाज मी कधी ऐकला नाही. पायाने मागचा ब्रेक चेपला आणि आम्ही ट्रकच्या अंगाला लागता लागता कडेच्या मातीत गेलो. गाडी वेग गमावून हळूच कलंडली. (माझा गुडघा फुटला. ह्यांना खरचटलं. – ताई) पडल्यावरही मूठ माझ्या हातातच होती. इंजिन तसंच ओरडत होतं. तुमच्या ताईंनी एकेक बोट उलगडून माझा हात सोडवला.

ट्रकवाला धावत आला. पाणी दिलं. म्हणाला, "बाबा, ह्या वयात हे काय?" मी म्हणालो, "माझा हात चालत नाही." छोटेराव, घराबाहेर हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, ते रस्त्यात भेटलेल्या एका माणसापाशी. त्याने फक्त मान हलवली आणि विचारलं, "मग सोडू का घरी?"

तुमचे फोन येत होते. आम्ही दोघं समोरासमोर बसून ते वाजू देत होतो. उचलला असता तर रडलो असतो. (हे रडले असते. मी नाही. – ताई)

गाडी जवळच्या पेट्रोल पंपावर ठेवलीय. ती शोरूमला परत द्यायची आहे. जे देतील ते घेईन. पण तिथपर्यंत न्यायला कुणीतरी हवं. गावात पोरं पुष्कळ आहेत, एका हाकेवर उड्या मारत येतील. मला ती नकोत. तुमच्या ताईंनी ट्रॅकवरचं सगळं सांगितलंय मला. (सांगितलं. रागावू नकोस. – ताई) म्हणून तुम्हालाच बोलावतोय. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या मागे बसायची आता माझी छाती नाही.

मागे मी बसणार आहे.

भाऊजी


६ मे

ताई,

सुखरूप पोचलो. तुझ्यासमोर बोलायचं राहिलं ते लिहितो. भाऊजींनी तुला अर्धवटच सांगितलं असणार.

पंपावर गाडीवर जुनं पोतं टाकलेलं होतं. ते काढलं आणि मी हेल्मेटचा पट्टा नुसताच लावत-काढत बसलो. भीती लपवायची म्हटलं तरी लपेना. भाऊजी मागे बसले, उजवा हात माझ्या पोटावर ठेवला. तो थरथरत होता. थोड्या वेळाने म्हणाले, "छोटेराव, हात हलतोय की पोट?" मी म्हटलं, "दोन्ही." म्हणाले, "मग चालू द्या."

चालू केली. पहिल्याच वळणावर समोरून बस आली आणि मी गाडी कडेला घेतली. उतरलो. झुडपाआड जाऊन ओकलो. वाटलं, आता इथून पुढे ढकलत नेऊ. परत आलो तर भाऊजी जवळ आले. रुमाल दिला, स्वतःची बाटली दिली आणि मी केव्हा बसतो ह्याची वाट बघत उभे राहिले. मी पुन्हा बसलो. शहरात शिरेपर्यंत स्कूटरवाल्या आजीबाईसुद्धा आम्हाला मागे टाकून गेल्या. एवढी महागडी गाडी एवढ्या हळू आजवर कुणी चालवली नसेल.

शोरूमच्या दारात त्यांनी विचारलं, "तुम्ही लिहिलंत, वसूल. अजून तसंच वाटतं?"

मी म्हटलं, "गाडी चोख आहे भाऊजी, लेख अर्धा होता. तुमचं काय?"

त्यांनी टाकीवर हात ठेवला. म्हणाले, "त्या दिवशी इथे बसलो आणि हात थांबला ना, तेवढं वसूल. त्यानंतरचं सगळं महाग." आणि आत गेले. मी बाहेरच उभा राहिलो, कारण मला डोळे पुसायचे होते.

खडीत घुसलो ते मी पुढच्या अंकासाठी लिहून दिलंय. संपादक म्हणाले, "हे छापलं तर कुठलीही कंपनी तुला बोलावणार नाही." बोलतानाच माझी पाचावर धारण बसली होती. पण म्हटलं, "छापा."

ऑफिसला अजून बसनेच जातो.

छोट्या


२० मे

छोट्या,

अंक आला. ह्यांनी वाचला आणि मला न विचारता शेजारच्यांना वाचायला दिला. आता पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवत जा. शिवणवर्गातल्या बायकांना वाटत होतं, मला कुणीतरी पत्रं लिहितंय.

सोमवारी दुपारी हे उठले, जुन्या चिठ्ठीची घडी उलगडली आणि चपला घातल्या. "चल," म्हणाले. मी विचारलं नाही कुठे. जिना उतरताना माझ्याच छातीत धडधडायला लागलं. ट्रकच्या मागे धडधडलं नसेल एवढं.

दुकानात गर्दी. सगळे ओळखीचे, निम्म्यांच्या दाढा ह्यांनीच काढलेल्या. ह्यांनी चिठ्ठी पुढे केली. कागद हवेत फडफडायला लागला. सगळे त्या कागदाकडे बघायला लागले. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, वर बघितलं, आवाज खाली आणला. "डॉक्टर, आत या ना. आत देतो."

मला वाटलं, आता हे फिरणार आणि घरी चालायला लागणार. मी ह्यांचं कोपर धरलं.

"आत कशाला?" हे म्हणाले. "पार्किन्सन्स आहे. किती वाजता घ्यायच्या, जेवणाआधी की नंतर, ते इथेच सांगा. मी विसरलो तर ह्यांच्यापैकी कुणीतरी आठवण करून देईल."

मग मागून त्या शाळेतल्या बाई, त्याच, गाल कापला गेला होता त्या, म्हणाल्या, "अगंबाई, म्हणून बंद केलात होय! आम्हाला वाटलं, आम्ही दात घासत नाही म्हणून कंटाळलात." लोक हसले. हेही हसले. हसताना हात अजूनच थरथरत होता. ह्यांनी तो तसाच काउंटरवर ठेवला. लपवला नाही.

मी रोज सकाळी उठल्यावर आधी तो हात बघते. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी त्रास जरा कमी होईल, दुखणं जाणार नाही. पुढे काय काय होणार ते त्यांनी सांगितलं, आणि आम्ही दोघांनी ते बसून ऐकलं. भीती वाटते रे. संध्याकाळी तर फार वाटते. तुला नाही सांगणार तर कुणाला?

पहिली गोळी घेताना ती बोटांतून निसटली आणि कपाटाखाली गेली. आम्ही दोघं जमिनीवर पालथे होऊन शोधत होतो. मी काठी घातली, ह्यांनी झाडू घातला, धुळीशिवाय काही निघालं नाही. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे, उद्या बघू.

हे उठून बसले. डबीतून दुसरी काढली, दोन्ही हातांनी धरून तोंडात टाकली.

पाण्याचा ग्लास मी धरला.

ताई